दुसरी ट्रायल

ठाण्याच्या त्या कचेरीत लाईट गेली, लगेच आली, पुन्हा गेली आणि दुसऱ्यांदा आली ती मग टिकली. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. बाकड्यावर बसलेल्या सात-आठ माणसांनी मानही वर केली नाही, कारण पंख्याला थांबायला सवडच मिळाली नव्हती. सारिकाचं उजवं मनगट मात्र मांडीवरच्या पर्सवर आपोआप वळलं आणि ती स्वतःशीच, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाली, "ट्रायल." शेजारी बसलेल्या तिच्या साहेबांनी, संदेश सरांनी, चटकन तिच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तो शब्द आज नको." सारिका ओशाळली. शब्द काही शिवी नव्हता. लाईन आपोआप तुटली, म्हणजे बंद पडली, की उपकेंद्रातला माणूस ती पुन्हा एकदा चढवून, म्हणजे चालू करून, बघतो, टिकते का ते. वाऱ्याने फांदी लागलेली असते, एखादा पक्षी तारेला चिकटून खाली पडलेला असतो. दहातल्या नऊ वेळा लाईन टिकते आणि गावात कोणाला कळतही नाही. याला ट्रायल घेणं म्हणतात. सोळा वर्षांच्या नोकरीत सारिकाने किती ट्रायली घेतल्या असतील याचा हिशेब देवाजवळसुद्धा नसेल. त्यातली एक तिच्या मनगटात अडकून राहिली होती आणि आज चौदाव्या दिवशी विद्युत निरीक्षकासमोर तिला त्या एकीबद्दल काहीही बोलायचं नव्हतं.

कातळपाड्याची सून आणि कातळपाड्याच्या उपकेंद्राची यंत्रचालक, असं तिचं दुहेरी लचांड होतं. मुरबाडच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. लग्न होऊन खर्डीच्या अलीकडे आली आणि दोन वर्षांत सासरच्याच गावाजवळ तिची नेमणूक झाली. सगळ्यांनी नशीब काढलं म्हटलं. नशीब असं की रोज दुपारी चारला भारनियमन सुरू व्हायचं तेव्हा गावठाणाचा ब्रेकर, मुख्य खटका, ती स्वतःच्या हाताने पाडायची, आणि त्या गावठाणात तिचं स्वतःचं घर होतं. खटका पडल्याचा आवाज व्हायचा, भाराचा काटा शून्यावर यायचा आणि सारिकाला बसल्या जागी सगळं दिसायला लागायचं. सासूच्या खाटेवरचा पंखा सावकाश होत थांबला. धाऊबुवाच्या दुकानातला फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. वरच्या पाड्यावर टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद, म्हणजे आता बाया हंडे घेऊन खालच्या विहिरीवर. भातसाचं धरण हाकेच्या अंतरावर, त्याचं पाणी मुंबईला जातं हे तिथे लहान पोरांनाही माहीत आहे आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. लाईटचंही आता तसंच व्हायला लागलं होतं. सुरुवातीला सारिकाला खटका पाडताना वाईट वाटायचं. नंतर वाटायचं बंद झालं. ते केव्हा बंद झालं हे तिला आठवत नव्हतं, आणि या चौदा दिवसांत ती तेच आठवून बघत होती.

गावठाणाच्या पॅनेलला लागून दुसरं एक पॅनेल होतं, नवंकोरं, निळ्या रंगाचं. ते महामार्गाकडच्या माळावर झालेल्या डेटा सेंटरचं. त्याची लाईन वेगळी, तिला भारनियमन नाही, तसा लेखी आदेशच भिंतीवर लावलेला. गावाचा काटा दिवसभर वरखाली व्हायचा. सकाळी मोटरी लागल्या की चढायचा, दुपारी निवांत व्हायचा, संध्याकाळी टीव्ही सुरू झाले की पुन्हा चढायचा. काट्यावर नजर ठेवून गावात काय चाललंय ते सारिका सांगू शकली असती. शेजारचा काटा मात्र एका जागेवर असायचा. दिवस असो, रात्र असो, दसरा असो की कोणी मेलेलं असो, तिथे तेवढाच भार. तिचा नवरा अक्षय तिथे थंड हवेच्या यंत्रांवर मदतनीस होता. वैशाखात अंगात स्वेटर घालून कामाला जायचा, आणि घरी आला की तो स्वेटर दांडीवर वाळत पडायचा. सासू, देवकी, त्या स्वेटराकडे बघून एकदा म्हणाली होती, "तिथं बनवतात तरी काय रे?" अक्षय म्हणाला, "बनवत नाय काय. ठेवतात." "काय ठेवतात?" "लोकांचे फोटो, मेसेज. आपले पन." म्हातारीने पदराने वारा घेतला. मग म्हणाली, "आपल्या फोटोंना गारवा, न आपुन इत उकडतो. बरंय की." अक्षय हसला होता. सारिकालाही हसू आलं होतं. अक्षयची नोकरी त्या निळ्या पॅनेलवर होती, तिची दोन्ही पॅनेलांवर, आणि म्हातारीचा पंखा त्यातल्या एकावर. रागवायचं कोणावर हे त्या घरात कधी ठरलंच नाही.

"पाणी पिता?" संदेश सरांनी बाटली पुढे केली. माणूस वाईट नव्हता. अठ्ठावीस-तीस वर्षांचा, नाशिककडचा, बावीस गावांचा कनिष्ठ अभियंता. बावीस गावांना मिळून त्याच्याकडे तीन लाईनमन. कातळपाड्यात फ्यूज उडाला तर लाईनमन येईपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा, म्हणून गावाने आपला माणूस धरून ठेवलेला होता. सगळ्या गावांचा असा एक असतोच. कातळपाड्याचा होता महिपत. अक्षयच्या भावकीतला, सडपातळ, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. शिकला काहीच नव्हता, पण कोणाच्या घरात कुठली वायर कुठून गेलीय हे अंधारात सांगायचा. खरं तर डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढायचं तर आधी उपकेंद्रातून परवानगी घ्यावी लागते, लाईन बंद केल्याची लेखी नोंद होते, आणि चढलेला माणूस उतरल्याचं स्वतः कळवेपर्यंत ती कोणी चालू करत नाही. ही परवानगी फक्त लाईनमनला मिळते. महिपतला कोण देणार? त्याने आपली तोड काढली होती. फ्यूज सकाळी उडो की रात्री, तो दुपारी चार वाजेपर्यंत थांबायचा. चारला भारनियमन लागलं की डीपीवर चढायचा, आणि सहाच्या आत काम उरकून खाली.

हे सारिकाला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. संदेश सरांनाही ठाऊक होतं, त्याशिवाय त्यांची बावीस गावं चालली नसती. महिपत रस्त्यात भेटला की म्हणायचा, "वैनी, तुमचा टाइम म्हंजे टाइम. चार म्हंजे चार, सा म्हंजे सा. आमी घड्याळ लावतो तुमच्यावर." सारिकाला ते बरं वाटायचं, अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं. नवऱ्याने, सासूने, साहेबांनी कधी तिच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. लाईट घालवणाऱ्या बाईला चांगलं कोण म्हणणार? हा एक माणूस म्हणायचा. म्हणून ती घड्याळाकडे डोळे लावून बसायची. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. आपण एका माणसाच्या जिवाची दोरी हातात धरलीय असं काही तिच्या मनात कधी आलं नाही. आपण टापटिपीच्या आहोत एवढंच तिला वाटायचं.

त्या दिवशी समीक्षाची हळद होती, धाऊबुवाच्या नातीची. सकाळपासून मांडवात माळा लागल्या, डीजे आला, जनरेटर आला, दुपारी बाराच्या सुमाराला अर्ध्या गावाची एक फेज गेली. टाकीची मोटर तीन फेजवर चालणारी, ती बंद पडली. अडीचला देवकीचा फोन आला. "अगो, हळदीला चारशे मानूस येनार न टाकीत पेलाभर पानी नाय. बघ की काय होतं का." सारिका म्हणाली, चारनंतर महिपत भावजी बघतील. हे शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते. चारला तिने नेहमीप्रमाणे खटका पाडला, आणि चार बेचाळीसला वरच्या कचेरीतून फोन आला. डेटा सेंटरवाल्यांनी आपल्या डिझेलच्या यंत्रांची चाचणी लावलीय, तासभर त्यांचा भार उतरलाय, तेवढी वीज मोकळी आहे, तुमचं गावठाण चालू करून घ्यायचं तर घ्या. सारिकाने निळ्या पॅनेलकडे पाहिलं. तो काटा खाली आलेला तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला. तिला काय आनंद झाला! गावाला कधी नव्हे ते काही आधी मिळत होतं, आणि ते तिच्या हातून मिळत होतं. टाकी भरेल, म्हातारीचा पंखा फिरेल, हळदीच्या बायांना हंडे वाहावे लागणार नाहीत. महिपत तिच्या डोक्यात आलाच नाही. दोन तासांपूर्वी त्याचं नाव घेतलेलं, आणि तो आलाच नाही. चार त्रेचाळीसला तिने खटका दिला.

काटा टपकन उडाला आणि पडला. ब्रेकर आपोआप पडला, पॅनेलवरचा छोटा लाल झेंडा खाली आला. सारिकाला वाईट वाटलं, चिडच आली. आधीच तासाचा जीव, त्यात फांद्यांनी घोळ घालावा? नियम असा की झेंडा पडला तर लाईनमनला फोन करायचा, त्याने लाईन बघून यायची, मग ट्रायल. पद्धत अशी की वाऱ्याचे दिवस असले तर मिनिटभर थांबायचं आणि घ्यायची. सारिकाने झेंडा वर केला, पदराने कपाळ पुसलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. चार पंचेचाळीसला तिने ट्रायल घेतली, पहिला खटका धरून दुसरी. या वेळी काटा उडाला नाही. तो चढला, थोडा थरथरला, क्षणभर तिथेच राहिला आणि मग पडला. तो क्षणभर. त्याचा अर्थ लावत सारिका चौदा दिवस जगत होती. तिसरी ट्रायल तिने घेतली नाही. का घेतली नाही हेही तिला सांगता आलं नसतं. चार बावन्नला फोन वाजला आणि पलीकडून कोणीतरी, आवाज ओळखू येत नव्हता, म्हणालं, "लाईट देऊ नका. महिपत वर हाय."

ते सगळं झाल्यावर संदेश सर उपकेंद्रात आले, नोंदवही उघडून बसले. मग म्हणाले, "मॅडम, परवानगी नसताना माणूस चढला. चूक त्याची, हे स्पष्ट आहे. पहिल्या वेळी वरून निरोप होता म्हणून तुम्ही दिली, त्यात तुमचं काही नाही. पण ही दुसरी..." त्या ओळीखाली पान कोरं होतं. दुसरी नोंद तिने घाईत पेन्सिलीने केलेली होती. "ही राहिली तर तुमची नोकरी जाईल. कदाचित अजून काही. आणि त्याने तो परत येणार नाही." सरांनी स्वतः खोडरबर दिलं नाही. ते हात धुवायला बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा नोंद नव्हती. गावालाही एकच ट्रायल बरी होती, ही त्यातली आणखी गंमत. देवजीने, मागच्या सरपंचाने, महिपतचा फोटो मोठा करून फलक केला होता, त्यावर लिहिलं होतं की डेटा सेंटरने बळी घेतला. त्यांच्यामुळे भारनियमन, त्यांच्या मनात आलं म्हणून अवेळी लाईट, त्यांच्यामुळे माणूस गेला. खोटं होतं का? नव्हतं. मोर्चा निघाला, तहसीलदारांनी निवेदन घेतलं, पुढच्या महिन्यापासून गावठाणाचं दुपारचं भारनियमन उठेल असं कोणीसं बोललंही. अशा वेळी मध्येच उठून आपल्याच गावची सून म्हणाली असती की थांबा, दुसरा खटका मी दिला, तर देवजीला ते परवडलं नसतं, सरांना परवडलं नसतं, अक्षयला परवडलं नसतं. सगळ्यांचं एकमत झालं होतं. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला तिला येत होतं.

तिने आपल्यापुरता एक आसरा शोधला होता. पहिल्याच वेळी गेला असेल. अकरा हजार व्होल्टची लाईन, तिच्यापुढे माणूस टिकतो कुठे? पहिल्या झटक्यात काटा उडाला तो त्यानेच. मग दुसऱ्या वेळी जे काही थरथरलं ते... तिथे ती थांबायची. त्या वाक्याचा शेवट तिला करता यायचा नाही, पण तेवढ्या अर्ध्या वाक्यावर रात्री डोळा लागायचा. गेलेल्या माणसाला पुन्हा काही होत नाही. हे ती जेवताना मनात म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. आता या कचेरीतल्या बाकड्यावरही तेच चाललं होतं, पण सकाळपासून त्या आसऱ्याला एक भोक पडलं होतं. निघताना देवकी दाराशी आली आणि म्हणाली, "जिवलीचा निरोप हाय. येताना तिच्याकडं जाऊन ये. तुला काय तरी विचारायचंय तिला." जिवली म्हणजे महिपतची बायको. काल तेरावं झालं. चौदा दिवसांत सारिका तिच्यासमोर एकदाही गेली नव्हती, बायांच्या घोळक्यात मागे उभी राहून आली होती. जिवली काय विचारणार? डीपीखाली त्या वेळी जिवली होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तिने काय पाहिलं ते मात्र ती कोणाला सांगत नव्हती.

निरीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, गाव कुठलं विचारलं, खर्डीच्या बाजूला त्यांची बहीण दिली होती तेही सांगितलं. मग लिहायला लागले. गावठाणाचा फीडर किती वाजता चालू केला? चार त्रेचाळीस. कोणाच्या सांगण्यावरून? वरून फोन आला. मग? मग ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. निरीक्षकांनी लिहिलं. त्यांचं पेन थांबलं, त्यांनी वर पाहिलं, आणि अगदी सहज, वहीत जागा आहे म्हणून विचारावं तसं विचारलं, "पुन्हा ट्रायल घेतली का?" सारिकाने उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायला हवा तेवढाच घेतला. "नाही," ती म्हणाली. आवाज सरळ आला, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. संदेश सरांनी श्वास सोडला तो तिला ऐकू आला. तिने दोन ठिकाणी सही केली. सर कल्याणला मीटिंगला निघून गेले, जाताना म्हणाले, "झालं मॅडम. आता विसरा." ती एसटीत बसली.

शहापूरपर्यंतच्या रस्त्यात तिला झोप लागली नाही आणि जागही नीट नव्हती. खिडकीतून गरम वारा येत होता. तिला महिपत दिसत होता, पण डीपीवरचा नाही. कधीचा तरी, गणपतीतला. त्यांच्या घरातलं मीटर जळलं होतं, तो स्टुलावर चढून टेस्टर तोंडात धरून काम करत होता, आणि ती खाली बॅटरी धरून उभी. "वैनी, तुमी एवढ्या मोठ्या लाइनीशी खेळता, तुमाला भ्या नाय वाटत?" ती म्हणाली होती, "मला कुठं लाईन दिसते? मला काटा दिसतो." त्यावर तो टेस्टर तोंडातून काढून हसला होता. आता तिला वाटलं, हे आपण अगदी खरं बोललो होतो. समोर फक्त काटा असतो. काट्याच्या पलीकडे मांडव असतो, टाकी असते, कोणीतरी वर चढलेलं असतं. ते दिसायला लागलं तर कोणाला खटका देता येईल? आणि न दिसता देता येतो म्हणून तर हे सगळं. ती गाडीतून उतरली. तिने वाटेत अक्षयला फोन करावा का याचा विचार केला. केला नाही. तो म्हणाला असता, नको जाऊ.

जिवलीचं घर वरच्या पाड्याला, कुडाचं, पुढे नवी पत्र्याची पडवी. पाच वाजून गेले होते, भारनियमन चालू होतं. जिवली पडवीत भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची बाई, चौदा दिवसांत तिची मान बारीक झाली होती. "ये बाय," ती म्हणाली. सारिका खाली बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. "मनस्वी हाय आत," जिवली म्हणाली. मनस्वी तिची मुलगी, दहावीतली. "माज्याशी बोलत नाय ती." मग तिने विचारलं, "ठाण्याला जाऊन आलीस?"

"हां."

"मंग तू सायबाला जे सांगितलंस तेच मना सांग. तू लाईट एकदाच दिलीस ना?"

सगळे रस्ते करून शेवटी प्रश्न हाच निघाला होता. "तू का इचारतेस?" सारिका म्हणाली.

जिवलीने आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "कोनाला सांगितलं नाय मी. पोरीला तेवढं सांगितलं. बाय, त्याला दोनदा लागला. पयल्यांदा त्याच्या हातात तार नव्हती. तो ती वरती बांधाया गेला, तवाच ती हातातून सुटून त्या लोखंडाला लागली. मोठी ठिनगी उडाली, त्याचा हात झिनझिनला. मी वरडले, उतर आदी. तो वरून हसला. म्हने, काय नाय झालं. मी म्हनले, लाईट आली असंल. तर म्हने, येडी का काय, वैनी सा वाजल्याबिगर लाईट देत नाय. हा मांडवातला जनरेटर रिटर्न मारतोय, उलटा करंट धाडतोय, त्याची वायर मीच घरात जोडलीय. जा, तो बंद कर न मना हाक दे."

सारिका खांबाला धरून उभी होती. महिपत हसला होता. दोन मिनिटं तो तिथे बसून होता, हात झटकत, हाकेची वाट बघत, आणि ती खिडकीपाशी उभी राहून कपाळ पुसत होती.

"मी धावत गेले," जिवली म्हणाली. "त्या मशिनीची चावी फिरवली. पन डीजे चालूच होता, त्याची बॅटरी येगळी का काय. आवाजात मना कळंना ती बंद झाली का नाय. मी आपली तिथूनच वरडले, झाला बंद. त्यानं तार हातात घेतली." ती रडली नाही, रडणं तिचं केव्हाच संपलं असावं. "लाईट त्रेचाळीसला एकदाच आली न गेली, असं पोलीस बोलले, तुमचा सायब बोलला. म्हंजे पयली ठिनगी लाईटची. मंग दुसऱ्यांदा काय होतं? जनरेटरच होता. मी चावी नीट फिरवलीच नाय. मीच त्याला हाक दिली. लोक त्या डेटावाल्यांच्या नावानं बोंबलतात, मी गप ऱ्हाते. माजं मना म्हाईत हाय."

त्या बाईने चौदा दिवस हे कसं काढलं असेल? सारिका आपल्या अर्ध्या वाक्याला धरून झोपत होती, आणि इथे वरच्या पाड्यावर ही बाई रोज ती चावी फिरवून बघत होती. सारिकाने खोडलेली एक ओळ सरळ येऊन हिच्या डोक्यावर बसली होती. नोंद खोडता येते, पण झालेलं कोणाच्या तरी नावावर राहतंच. आपलं नाव काढलं की दुसऱ्या कोणाचं तरी लागतं. हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि तिला आपली इतकी किळस आली की तिने खांबावरचा हात काढून घेतला. अजूनही गप्प राहता आलं असतं. हां, एकदाच, एवढं म्हणून खाली उतरायचं. संदेश सर, देवजी, अक्षय, सगळे तिच्या बाजूने होते. इकडे एकटी जिवली होती, आणि ती तर सारिकाने हो म्हणावं म्हणूनच बसली होती.

"जिवले," ती म्हणाली, "जनरेटर नव्हता तो."

जिवलीने मान वर केली.

"मी दोनदा दिली. त्रेचाळीसला एकदा. ती तुटली. मंग पंचेचाळीसला परत दिली. कोनाला फोन न करता दिली. दोन्ही वेळा मीच."

जिवली तिच्याकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती हिशेब करत असल्यासारखी ओठ हलवत होती.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी चावी नीट फिरवली व्हती?"

"फिरवली व्हतीस."

"मशीन बंद झाली व्हती?"

"झाली व्हती गो. तू बरोब्बर केलं व्हतंस."

"परत सांग."

सारिकाने परत सांगितलं. उद्या पुन्हा ठाण्याला जावं लागेल, सह्या केल्या त्या कागदावर दुसरा कागद लिहून द्यावा लागेल, आज रात्री अक्षयला हे सांगावं लागेल, हे सगळं तिच्या मनात एकामागून एक येऊन उभं राहिलं. तरी ती वाट बघत होती, जिवली आता विचारेल, टाइमाच्या आधी का दिलीस? त्याचं उत्तर तिच्याजवळ होतं. तुमाला पानी मिळावं म्हणून. हे उत्तर किती हास्यास्पद आहे ते तिला कळत होतं, तरी ते कोणीतरी विचारून घ्यावं असं तिला मनापासून वाटत होतं. जिवलीने ते विचारलं नाही. तिने भिंतीचा आधार सोडला, सरळ बसली आणि आत हाक मारली, "मनस्वी! बाहेर ये." मग सारिकाला म्हणाली, "पोरीला सांग. माज्यासमोर सांग. मी सांगून तिला पटायचं नाय."

मुलगी ओल्या हातांनी दारात आली. तिच्या डाव्या भुवईची ठेवण बापासारखी होती. "काय काकी?" ती म्हणाली.

सारिकाने तिला सांगितलं. चार त्रेचाळीस, चार पंचेचाळीस, दोन्ही वेळा मी, तुझ्या आईचा त्यात काही दोष नाही. निरीक्षकासमोर जो आवाज सरळ आला होता तो इथे दोनदा तुटला. मुलीने सगळं ऐकून घेतलं. तिने सारिकाकडे पाहिलंच नाही, ती आईकडे बघत होती. ती पडवीत आली, आईच्या शेजारी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागली. जिवली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, मी केली व्हती गो बंद, मी केली व्हती. आजूबाजूच्या दोन बाया कुंपणाशी आल्या, काय झालं ते बघायला. सारिका पडवीच्या कडेला उभी होती. तिला कोणी जा म्हटलं नाही आणि कोणी बसही म्हटलं नाही.